बूट आणि ट्रक

ज्या शिकागोच्या हुतात्म्यांची आठवण म्हणून जगभरचे कामगार १ मे पाळतात, त्या शिकागोच्या देशात सरकारी कामगार दिन १ मेला येत नाही. तो येतो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. सरकारला आणि मालकांना सोयीचा, सुट्टी आणि सहल यांवर भागणारा. या दिवसाला जोडून १९६६ पासून २०१० पर्यंत दरवर्षी तिथल्या दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम तासन्‌तास चालत असे. विनोदी नट जेरी लुईस तो सादर करायचा. स्नायूंचा ऱ्हास करणाऱ्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेसाठी निधी गोळा करणे हा त्याचा उद्देश. आजारी मुलांना कॅमेऱ्यासमोर आणायचे, गाणी म्हणायची, डोळे पुसायचे आणि जमलेल्या रकमेचा आकडा चढत जाताना दाखवायचा.

या निधीसाठी रस्त्यावर उतरण्यात अमेरिकेतल्या अग्निशामक दलाच्या कामगारांची युनियन १९५४ पासून पुढे होती. आगीत उतरताना घालायचा रबरी बूट हातात धरून चौकात उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींतून त्यात पैसे टाकून घ्यायचे, अशी पद्धत. ही माणसे स्वतः जीव धोक्यात घालून काम करणारी. त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका घ्यायचे कारण नाही.

पण ज्यांच्यासाठी हा बूट भरला जात होता, त्यांच्यातलेच काही जण १९९१ मध्ये या कार्यक्रमाविरुद्ध निदर्शने करायला उभे राहिले. लहानपणी याच निधीच्या जाहिरातींत ज्यांचे चेहरे वापरले गेले होते असे लोकही त्यांत होते. आपल्या गटाचे नाव त्यांनी ‘जेरीचे अनाथ’ असे ठेवले. त्यांच्या रागाला ताजे निमित्त होते. आदल्याच वर्षी एका साप्ताहिकातल्या लेखात लुईसने आपण स्वतः व्हीलचेअरवर आहोत अशी कल्पना केली होती आणि तशा अवस्थेत आपल्याला अर्धा माणूस म्हणून जगायला शिकावे लागेल अशा अर्थाचे लिहिले होते. निदर्शकांचे म्हणणे साधे होते. आम्हाला नोकरीवर ठेवायला मालक तयार नाही, बसमध्ये चढता येत नाही, घर मिळत नाही. त्याच देशात वर्षातून एकदा आमचे रडके चित्र दाखवून पैसे जमवले जातात आणि ते चित्र पाहून मालकाच्या मनात आमच्याबद्दल जे मत तयार होते, त्यावर आम्हाला पुढच्या वर्षी पुन्हा नोकरी नाकारली जाते. केरी रिचर्डसन या दिग्दर्शिकेने या निदर्शनांच्या एका पुढाऱ्यावर २००५ मध्ये अनुबोधपट केला आहे.

हे सगळे अमेरिकेचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्याकडेही १ मेला किंवा संघटनेच्या वर्धापनदिनी मांडव घालून तीनचाकी सायकली वाटण्याची प्रथा अनेक शाखांत आहे. वाटताना फोटो निघतो. घेणाऱ्याचा हात खाली आणि देणाऱ्याचा वर, हे फोटोत दिसतेच. त्या सायकलीवर बसणारा माणूस संघटनेचा सभासद का नाही, हा प्रश्न त्या मांडवात मी अजून ऐकलेला नाही. म्हणून आज एका दुसऱ्या कॅमेऱ्याची आणि दुसऱ्या एका युनियनची हकीकत वाचकांपुढे ठेवायची आहे.

न्यू यॉर्क राज्यातल्या कॅट्‌स्किल डोंगरात कॅम्प जेनेड नावाचे अपंग मुलामुलींचे उन्हाळी शिबिर भरत असे. १९७१ च्या उन्हाळ्यात तिथे ‘पीपल्स व्हिडिओ थिएटर’ नावाचा डाव्या विचारांच्या तरुणांचा गट हातात धरता येणारा नवा व्हिडिओ कॅमेरा घेऊन गेला. तोवर चित्रीकरण म्हणजे फिल्म, फिल्म म्हणजे प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळा म्हणजे पैसा. हा कॅमेरा खांद्याला अडकवता येत होता आणि टेप तिथल्या तिथे दाखवता येत होती. या गटाने आणखी एक गोष्ट केली. कॅमेरा मुलांच्याच हातात दिला. व्हीलचेअरवर बसून शिबिराची फेरी मारत चित्रीकरण करणाऱ्या त्या मुलांत जेम्स लेब्रेक्ट नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. जन्मापासून मणक्याचा विकार असलेला. पुढे तो चित्रपटांचा ध्वनिसंयोजक झाला. जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याने आणि निकोल न्यूनम या दिग्दर्शिकेने त्या जुन्या टेप शोधून काढल्या आणि २०२० मध्ये ‘क्रिप कॅम्प’ हा अनुबोधपट तयार झाला. ‘क्रिप’ म्हणजे लुळापांगळा. हेटाळणीचा शब्द. तो या लोकांनी जाणूनबुजून स्वतःच्या हातात घेतला. आपल्याकडे सरकारने २०१५ च्या अखेरीपासून ‘दिव्यांग’ हा शब्द चालवला त्याच्या हे अगदी उलट आहे. आपला शब्द वरून आला आणि तो आल्यामुळे एकाही रेल्वे स्थानकाचा जिना उतरता झाला नाही. असो.

त्या जुन्या टेपमध्ये काय आहे? विशेष काही नाही, आणि हेच विशेष. मुले खेळतात, सिगारेट ओढतात, प्रेमात पडतात. रात्रीच्या जेवणाचा बेत काय करायचा यावर सभा भरते आणि व्हीलचेअरवर बसलेली ज्युडी ह्यूमन नावाची तरुणी एकेकाचे मत विचारत राहते. कोणी गप्प बसलेला असला तर त्यालाही विचारते. आपल्यापैकी ज्यांनी शाखेच्या सभा चालवल्या आहेत त्यांना ही बाई काय करते आहे हे लगेच कळेल. दुसऱ्या एका बैठकीत आईवडिलांबद्दल बोलणे चालले आहे. एक मुलगी बोलू लागते. मेंदूच्या पक्षाघातामुळे तिचे उच्चार पाहणाऱ्याला जवळजवळ कळत नाहीत. पण मंडळी थांबतात. तिचे वाक्य कोणी तोडत नाही आणि कोणी तिच्या वतीने पूर्णही करत नाही. ती बोलून संपवते. मग शेजारचा मुलगा आपल्याला जे समजले ते सांगतो. ती एकांताच्या हक्काबद्दल बोलत होती. घरात दार लावून एकटे बसण्याचा हक्क, जो तिला कधी मिळाला नव्हता. जेरी लुईसच्या कार्यक्रमात अशा मुलीला अर्धे मिनिट मिळाले असते आणि तेही तिच्या आईला बोलायला.

टेप इथे संपली असती तर ती एक गोड आठवण ठरली असती. पण या शिबिरातली बरीच मंडळी पुढे चळवळीत गेली, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध त्या चळवळीच्या सर्वांत मोठ्या लढ्यावर आहे. तो लढा एका सहीसाठी झाला.

अमेरिकेत १९७३ मध्ये पुनर्वसनाचा कायदा झाला. त्याच्या ५०४ व्या कलमात एकच वाक्य होते. संघराज्य सरकारच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कामात केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही, अशा अर्थाचे. काळ्या लोकांच्या लढ्यातून आलेल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या धर्तीवर ते घातले गेले होते. वाक्य चांगले. पण नियमावली नाही. नियमावली नाही म्हणजे रुग्णालयाने उतरण बांधायची की नाही, विद्यापीठाने बहिऱ्या विद्यार्थ्याला दुभाषा द्यायचा की नाही, हे कोणी सांगायचे? ज्या संस्थांना खर्च करावा लागणार होता त्यांनी मंत्रालयात आपले वजन टाकले, आणि एका मंत्र्यामागून दुसरा मंत्री सही पुढे ढकलत राहिला. निक्सन गेले, फोर्ड गेले, कार्टर आले. कायदा मंजूर पण नियम अधिसूचित नाहीत, हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. आपली हयात त्यातच गेली आहे.

कार्टर सरकारचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी तयार नियमावलीचा फेरविचार करायचे ठरवले तेव्हा अपंगांच्या संघटनांनी मुदत दिली. मुदत संपताच ५ एप्रिल १९७७ रोजी वॉशिंग्टनसह देशातल्या अनेक शहरांत त्या खात्याच्या कार्यालयांवर निदर्शने झाली. बहुतेक ठिकाणी ती एक-दोन दिवसांत आटोपली. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र दीडशेच्या आसपास अपंग स्त्री-पुरुष सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गेले आणि तिथेच बसले.

हा ठिय्या आपल्या ठिय्यांसारखा नव्हता. रात्री कूस बदलायलाही ज्याला दुसऱ्याचा हात लागतो त्या माणसाने कार्यालयाच्या फरशीवर झोपायचे, मूत्रनळी आणि औषधे जवळ नाहीत, मदतनीस पुरेसे नाहीत, गरम पाणी नाही. जमिनीवर झोपून अंगाला जखमा होतात आणि त्या चिघळल्या तर जीव जातो. हे ठाऊक असूनही ते बसले. अधिकाऱ्यांनी दूरध्वनी तोडले तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीत उभे राहून खाली रस्त्यावरच्या साथींशी खुणांच्या भाषेत बोलणे चालू ठेवले. एरवी ज्यांना सभेत शेवटच्या रांगेत बसवले जाते ते त्या दिवशी आंदोलनाचे तारखाते झाले.

जेवण कोणी पुरवले? ब्लॅक पँथर पक्षाने. ब्रॅड लोमॅक्स नावाचा त्यांचा एक कार्यकर्ता व्हीलचेअरवर होता आणि ठिय्यात बसला होता. पँथरची मंडळी ऑकलंडहून खाडी ओलांडून रोज गरम जेवण आणत. चर्च आले, स्थानिक युनियनची माणसे आली, महापौरांनी गाद्या पाठवल्या. खासदार फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर यांनी त्या इमारतीतच सुनावणी घेतली. मंत्रालयाचा प्रतिनिधी कागद वाचून उठला आणि एका खोलीत जाऊन दार लावून बसला, तेव्हा बर्टन यांनी जाऊन त्या दारावर लाथा घातल्या. ज्युडी ह्यूमन यांनी तिथे दिलेली साक्ष कॅमेऱ्यात आहे. बोलताना त्यांचा आवाज फुटतो. समोरचा अधिकारी समजल्यासारखी मान डोलावत असतो. तुम्हाला समजते असे मला वाटत नाही, तेव्हा कृपा करून मान डोलावू नका, असे त्या त्याला सांगतात. वाटाघाटीच्या टेबलावर लेबर कमिशनरची ती डोलणारी मान कोणी पाहिलेली नाही?

स्थानिक दूरचित्रवाणीचा एक वार्ताहर या प्रकरणाच्या मागे लागून राहिला म्हणून ही दृश्ये जगाने पाहिली. नाहीतर चार वृत्तपत्रांत चार ओळी येऊन विषय संपला असता.

आता ट्रकची गोष्ट. मंत्री सॅन फ्रान्सिस्कोत नव्हता, म्हणून आंदोलकांपैकी काही जण वॉशिंग्टनला गेले. तिथे व्हीलचेअर चढवता येईल अशी बस कुठून आणायची? मशिनिस्टांची युनियन पुढे आली. यंत्रावर काम करणारे, विमानांचे भाग घडवणारे, दुरुस्तीशाळेतले हे कामगार. त्यांनी आपल्या मुख्य कार्यालयाची दारे आंदोलकांना उघडली आणि सामान वाहण्याचा मोठा बंद ट्रक भाड्याने आणला. मागच्या बाजूला खुर्च्या वर उचलून घेणारी यंत्राची पाटी. आत खिडकी नाही, उजेड नाही, खुर्च्यांना धरायला काही नाही. वळणावर खुर्च्या एकमेकींवर आदळत. या ट्रकमधून ही माणसे रात्री कॅलिफानो यांच्या घरासमोर जाऊन मेणबत्त्या लावून बसली. २८ एप्रिल १९७७ रोजी मंत्र्यांनी नियमावलीत बदल न करता सही केली. ३० तारखेला सॅन फ्रान्सिस्कोचे आंदोलक इमारतीतून बाहेर आले. अमेरिकेतल्या सरकारी इमारतीतला इतका लांबलेला अहिंसक ठिय्या दुसरा झाला नाही, असे मानले जाते. १९९० चा अमेरिकेचा व्यापक अपंग हक्क कायदा याच पायावर उभा राहिला. ह्यूमन पुढे सरकारात मोठ्या पदांवर गेल्या आणि मार्च २०२३ मध्ये वारल्या. १९७० मध्ये याच बाईंना न्यू यॉर्कच्या शिक्षण मंडळाने व्हीलचेअरमुळे शिक्षिकेचा परवाना नाकारला होता. आग लागली तर ही मुलांना बाहेर कशी काढणार, हे कारण. त्यांनी दावा लावला आणि परवाना मिळवला. म्हणजे त्यांच्या लढ्याची सुरुवातही नोकरीपासूनच झाली होती.

मशिनिस्टांनी पैसे गोळा केले नाहीत. आंदोलकांच्या नावाने पत्रक काढून स्वतः पुढे उभे राहिले नाहीत. कुठे जायचे हे आंदोलकांनी ठरवले आणि तिथवर न्यायला वाहन दिले. बूट आणि ट्रक यांत मला दिसणारा फरक तो हा.

मात्र युनियन नेहमीच ट्रक घेऊन येते असे समजण्याचे कारण नाही. या विषयावरच्या अनुबोधपटांत कामगाराचे चित्र अनेकदा वाईट आहे, आणि त्याचीही चर्चा आपण केली पाहिजे. ‘क्रिप कॅम्प’मध्येच विलोब्रूक या न्यू यॉर्कच्या सरकारी संस्थेतली दृश्ये येतात. मतिमंद म्हणून ठेवलेल्या मुलांची ही संस्था. जानेवारी १९७२ मध्ये जेराल्डो रिव्हेरा या वार्ताहराने तिथल्या काढून टाकलेल्या एका डॉक्टरकडून किल्ली मिळवून कॅमेरा आत नेला. उघडी-नागडी मुले, घाण, कण्हण्याचे आवाज. देश हादरला, खटला झाला आणि शेवटी १९८७ मध्ये संस्था बंद झाली. कॅमेऱ्याचे हे यश निर्विवाद. पण घाणीतले मूल कॅमेऱ्याला दिसते, नोकरभरती बंदीचा आदेश दिसत नाही. राज्य सरकारने काटकसरीच्या नावाखाली भरती थांबवली होती आणि डझनावारी मुलांमागे एखादीच परिचारिका उरली होती. पाहणाऱ्याचा राग मात्र पडद्यावरच्या त्या एकट्या बाईवर निघतो. आपल्याकडच्या मनोरुग्णालयांवर किंवा निराधारगृहांवर एखादी खळबळजनक फिल्म दाखवली जाते तेव्हा निलंबित कोण होते? कंत्राटी आया आणि वॉर्डबॉय.

दुसऱ्या बाजूने अपंगांचीही आपल्याबद्दल एक तक्रार आहे आणि ती मी टाळणार नाही. ज्या माणसाला सकाळी बिछान्यातून उचलायला मदतनीस लागतो त्याला मदतनीसांच्या संपाबद्दल काय वाटत असेल? कॅलिफोर्नियात हा प्रश्न प्रत्यक्ष आला. लॉस एंजलिसमध्ये १९९९ साली घरोघर जाऊन अपंग आणि वृद्धांची सेवा करणाऱ्या ७४ हजार कामगारांनी युनियनच्या बाजूने मतदान केले. कित्येक दशकांत त्या देशात इतकी मोठी भरती एका दमात झाली नव्हती. ती शक्य झाली कारण आधी अपंगांच्या संघटनांशी बोलणी झाली. मदतनीस निवडण्याचा आणि काढण्याचा अधिकार अपंग व्यक्तीकडे राहील आणि पगाराची बोलणी सार्वजनिक मंडळाशी होतील, अशी तोड निघाली. सगळे वाद मिटले असे नाही. पण दोन्ही बाजूंना एकाच टेबलाशी बसावे लागले.

आणि ज्या ठिकाणी कारखान्यानेच माणसे अपंग केली तिथे काय झाले, यासाठी जपानकडे पाहावे लागते. मिनामाता गावच्या चिस्सो कंपनीने समुद्रात पारा सोडला. मासे खाणारी कोळी कुटुंबे आजारी पडली. हातपाय वाकडे झाले, वाचा गेली, मुले पोटातूनच आजार घेऊन जन्मली. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, पण कारखाना बंद पडला तर खायचे काय, या भीतीने गाव आणि कारखान्याचे कामगार दीर्घकाळ कोळ्यांच्या विरोधात उभे राहिले. पुढे १९६२-६३ मध्ये पगाराच्या प्रश्नावर मोठा संघर्ष झाला, मालकाने युनियन फोडली आणि जी जुनी युनियन लढत राहिली तिच्यावर सूड उगवला. मालक म्हणजे काय हे अंगावर आल्यावर त्या कामगारांना आपल्या दाराबाहेरचे रुग्ण दिसले. ऑगस्ट १९६८ मध्ये त्या युनियनने ठराव केला. या रुग्णांसाठी आपण काहीही केले नाही याची आपल्याला लाज वाटते, असा त्याचा आशय होता. कामगार चळवळीच्या इतिहासात असे ठराव बोटांवर मोजण्याइतकेच असतील.

नोरिआकी त्सुचिमोतो याने १९७१ मध्ये मिनामाताच्या रुग्णांवर केलेला अनुबोधपट आजही पाहावा असा आहे. तो घाई करत नाही. रुग्णांच्या घरी बसतो, मासेमारीला जातो, ऑक्टोपस कसा पकडायचा ते पाहतो. शेवटाकडे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक कंपनीचा एकेक भाग विकत घेतात आणि यात्रेकरूंचे पांढरे कपडे घालून नोव्हेंबर १९७० मध्ये ओसाकाला भागधारकांच्या सभेत शिरतात. अध्यक्षांना गाठून मेलेल्यांचा जाब विचारतात. त्या फिल्ममध्ये कोणी रुग्ण ‘केस’ नाही. प्रत्येकाला घर आहे, धंदा आहे आणि राग आहे.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या देशात अपंगत्वाची सर्वांत मोठी उद्योगशाळा कोणती, असे विचारले तर मी पॉवर प्रेसचे नाव घेईन. मानेसर, फरीदाबाद, चाकण, कुठल्याही मोटार-सुट्याभागांच्या पट्ट्यात जा. सेन्सर काढून ठेवलेला असतो, कारण सेन्सर असला की उत्पादन कमी निघते. डाय खाली येतो आणि बोटे जातात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात या बोटांचा दर ठरलेला होता. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही टक्केवारीची ही रीत सोडली नाही. आपले वकील या टक्क्यांवर भांडण्यात निष्णात आहेत, आणि भांडलेच पाहिजे. पण टक्के मिळाले की आपल्या दृष्टीने प्रकरण बंद होते. सभासद कामावरून जातो, वर्गणी थांबते, नाव यादीतून निघते. त्यानंतर तो आपल्याला भेटतो तो १ मेच्या मांडवात.

दिल्लीत अपंगांच्या संघटनांनी डिसेंबर १९९५ मध्ये संसदेपुढे निदर्शने केली. त्या लढ्यातले एक प्रमुख नाव जावेद अबिदी, जे २०१८ मध्ये वारले. त्याच महिन्यात अपंग व्यक्ती कायदा मंजूर झाला. त्यात ३ टक्के आरक्षण होते, हे सगळ्यांना माहीत असते. त्यातले ४७ वे कलम मात्र कित्येक पदाधिकाऱ्यांना माहीत नव्हते. नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, खालच्या पदावर टाकता येणार नाही. जमेल असे दुसरे काम द्यायचे आणि पगार तोच ठेवायचा. काम नसेल तर जास्तीचे पद निर्माण करायचे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग खटल्यात हे कलम पक्के केले. २००८ मध्ये पंजाब राज्य वीज मंडळाच्या एका लाइनमनचा निकाल आला. नोकरीत असताना त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. मला निवृत्त करा आणि बायकोला नोकरी द्या, असा अर्ज त्याने स्वतःच केला होता आणि मंडळाने त्या अर्जावर बोट ठेवून त्याला घरी पाठवले. न्यायालयाने मंडळाला फटकारले. कायदा त्या माणसाला ठाऊक नव्हता, तो सांगणे अधिकाऱ्यांचे काम होते. न्यायालय अधिकाऱ्यांबद्दल बोलले, युनियनबद्दल बोलले नाही. आपण स्वतःला विचारायला हरकत नाही.

२०१६ च्या नव्या कायद्याने आरक्षण ४ टक्के केले, अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि हे संरक्षण २० व्या कलमात ठेवले. पण ते आहे शासकीय आस्थापनांना. खासगी कारखान्याला नाही. म्हणजे पॉवर प्रेसवर बोटे गमावणाऱ्याला नाही. खासगी मालकाने ५ टक्के अपंग घ्यावेत म्हणून सरकारने त्याला उत्तेजन द्यावे, एवढेच त्यात आहे. आणि सरकारी क्षेत्रातल्या ४ टक्क्यांचे काय? पद कंत्राटी झाले, विभाग विकला गेला, भरती थांबली की टक्के कशाचे मोजायचे? खाउजा धोरणाविरुद्ध आपण तीस वर्षे बोलतो आहोत. अपंगांच्या संघटनाही याच कारणासाठी त्याविरुद्ध बोलतात. दोन्ही मोर्चे वेगवेगळ्या तारखांना जंतरमंतरला जातात.

आपल्याकडच्या अनुबोधपटांनी या बाबतीत फार मजल मारलेली नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या काळातली अपंगत्वावरची फिल्म म्हणजे बहुधा पुनर्वसन केंद्र, विणकाम आणि निवेदकाचा दाटलेला आवाज. त्यातही सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये आपले गुरू, चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर केलेली ‘द इनर आय’ ही वीस मिनिटांची फिल्म वेगळी उठून दिसते. मुखर्जींची दृष्टी पूर्ण गेली होती, तरी ते शांतिनिकेतनात टाइल्सचे भित्तिचित्र रचत होते. राय त्यांना काम करताना दाखवतात, कीव करत नाहीत. अलीकडे श्वेता घोष यांच्या फिल्म आहेत. २०१३ मधली ‘ॲक्सेक्स’ अपंग स्त्रियांच्या शरीराबद्दल आणि इच्छांबद्दल त्यांच्याच तोंडून बोलते. २०२१ मधली ‘वुई मेक फिल्म’ अपंग चित्रपटकर्त्यांविषयी आहे, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाविषयी. कारखान्यात अपंग झालेल्या कामगाराने स्वतः कॅमेरा धरून केलेली फिल्म माझ्या पाहण्यात नाही.

ती व्हायला आज अडचण काय आहे? १९७१ मध्ये तो व्हिडिओ कॅमेरा मिळवणे ही मोठी गोष्ट होती. आज प्रत्येक सभासदाच्या खिशात त्याहून चांगला कॅमेरा आहे. सेन्सर काढलेल्या प्रेसचे, अपघातानंतर मालकाने ईएसआयच्या कागदावर लिहिलेल्या खोट्या वेळेचे, जखमी कामगाराच्या स्वतःच्या निवेदनाचे चित्रीकरण कामगार न्यायालयातही उपयोगी पडेल. मात्र बोलणारा तोच असावा. शाखा सचिवाने शेजारी उभे राहून त्याची वाक्ये पूर्ण करू नयेत. जेनेडच्या त्या बैठकीतल्या मुलांना जे जमले ते पंचवीस वर्षे संघटनेत काढलेल्यांना जमायला हवे, पण सवय मोडायला वेळ लागतो हे कबूल.

पुढच्या करारांच्या मागणीपत्रांत एक कलम सर्व खासगी उद्योगांतील शाखांनी घालावे असे मी सुचवतो. कामावर अपंगत्व आलेल्या कामगाराला त्याच वेतनश्रेणीत पर्यायी काम. कायदा खासगी मालकाला बांधत नाही, करार बांधू शकतो. मालक म्हणेल, काम नाही. तेव्हा स्टोअर, टूलरूम, निरीक्षण विभाग आणि गेटवरच्या कंत्राटी जागांची यादी आपण तयार ठेवावी. अशा कामगाराचे सभासदत्व वर्गणीअभावी रद्द होणार नाही अशी दुरुस्ती घटनेतही करावी लागेल. त्याला मालकाची परवानगी लागत नाही.

येत्या १ मेला शाखांनी ‘क्रिप कॅम्प’ दाखवावा अशी सूचना काही साथींनी केली आहे. जरूर दाखवावा. इंग्रजी संवाद आणि अक्षरे सगळ्यांना जमणार नाहीत, म्हणून अधूनमधून थांबवून कोणीतरी मराठीत किंवा हिंदीत सांगावे आणि बहिरे सभासद येणार असतील तर खुणांची भाषा जाणणारा आधी शोधून ठेवावा. जागा तळमजल्यावरची घ्यावी. आपली बहुतेक कार्यालये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा शोधाला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच लागलेले बरे.